फणस कुणाचा?

कोकणातली मे महिन्यातली दुपार कशी असते ते तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. जेवणं झालेली, मोठी माणसं पडवीत आडवी झालेली आणि अंगणात पाऊल टाकलं तर तळवे भाजतील असं ऊन! अशाच एका दुपारी रत्नागिरीहून पावसला जाणाऱ्या रस्त्याजवळच्या एका वाडीत, माझ्या आत्याच्या पडवीत मी बसलो होतो. समोर परड्यात काप्या फणसाचं झाड. बुंध्यालाच पाच-सहा फणस लगडलेले आणि त्यातला एक पिकून असा घमघमत होता की काही विचारू नका. 'आज उतरवू, उद्या उतरवू' करता करता तो राहून गेला होता. आणि मग 'ती मंडळी' आली.

आधी गडग्यावर एक डोकं दिसलं. मग दुसरं. बघता बघता वीस-बावीस माकडं परड्यात उतरली. आत्याला उठवायला हवं होतं, हे खरं. पण खरं सांगतो, मी उठवलं नाही. कारण समोर जे चाललं होतं ते फार मजेशीर होतं.

तुम्हाला काय वाटतं, वीस माकडं आणि एक पिकलेला फणस म्हटल्यावर काय होईल? झुंबड? मारामारी? मलाही तसंच वाटलं होतं. पण तसं काही झालं नाही. सगळ्यात थोराड नर सावकाश चालत बुंध्यापाशी गेला, फणसाला मिठी मारून बसला आणि दातांनी साल फाडायला लागला. बाकीची मंडळी चार-पाच हातांवर नुसती बसून राहिली. कुणी खांदा खाजवतंय, कुणी उगीच पानं चाळतंय. जणू काही फणसाशी त्यांचा संबंधच नाही! थोड्या वेळानं एक जाडजूड मादी पुढं आली, नराच्या पाठीचे केस दोन मिनिटं चाळल्यासारखे केले आणि हळूच बाजूनं हात घालून गरे काढू लागली. नरानं तिला काही म्हटलं नाही. तिच्या मागोमाग तिची मुलगी आली. पण शेपूट अर्धी तुटलेली एक बारकी मादी पोटाशी पिल्लू घेऊन पुढं आली मात्र, जाड मादीनं नुसती मान वळवून तिच्याकडं पाहिलं. एवढंच! ती तुटक्या शेपटीची आल्या पावली मागं फिरली.

त्या सुट्टीत मी रोज दुपारी वही घेऊन पडवीत बसायला लागलो. जाड मादीचं नाव 'पाटलीण' ठेवलं आणि तुटक्या शेपटीचीचं 'तुटकी'. आत्या म्हणाली, "अरे मेल्या, आंबे राखायचे सोडून माकडांची बारशी कसली करतोस?" तिचंही बरोबरच होतं म्हणा. पण त्या फणसापाशी जे दिसलं, त्याचाच अभ्यास जगभरातले शास्त्रज्ञ गेली साठ-सत्तर वर्षं करताहेत. जंगलातल्या माकडाच्या पोटात काय पडणार, हे नुसतं झाडावर किती फळं आहेत यावर ठरत नाही. त्याचा कळपात मान काय, त्याची आई कोण, त्याची मैत्री कुणाशी, यावरही ठरतं.

आधी ओळख करून घेऊ. रत्नागिरी जिल्ह्यात दोन जातींची मंडळी दिसतात आणि शहरातली मुलं दोघांनाही सरसकट 'माकड' म्हणून मोकळी होतात. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं, करड्या अंगाचं ते वानर. आणि तपकिरी अंगाचं, लालसर-गुलाबी तोंडाचं ते माकड. या माकडाच्या डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे पसरलेले असतात, म्हणून इंग्रजीत त्याला 'बॉनेट मकाक' म्हणतात. शास्त्रीय नाव मकाका रेडिएटा. हे फक्त दक्षिण भारतात सापडतं. जगात दुसरीकडे रानात कुठंही नाही. उत्तरेकडं, म्हणजे दिल्ली-मथुरेला दिसतं ते वेगळं, ऱ्हिसस माकड. आपण याला सोयीसाठी टोपीवालं माकड म्हणू.

टोपीवाल्या माकडांच्या कळपात बरेच नर, बऱ्याच माद्या आणि पोरंबाळं एकत्र राहतात. माद्या ज्या कळपात जन्मतात त्यातच जन्मभर राहतात. आजी, आई, मावश्या, बहिणी असं सगळं गणगोत जवळ. नर मात्र मोठे होऊ लागले की बहुतेक करून कळप सोडतात आणि दुसरीकडं नशीब काढायला जातात. आपल्याकडं मुलगी सासरी जाते, यांच्यात मुलगा जातो म्हणा ना!

आणि या कळपात असते उतरंड. जुन्या स्वयंपाकघरात मडकी एकावर एक रचून ठेवत, ती उतरंड तुमच्या आजीला विचारा. तळाला मोठं मडकं, वर लहान. माकडांची उतरंड उलटी. इथं वरच्याचं वजन खालच्यावर पडतं.

आता कोण वर आणि कोण खाली हे ओळखायचं कसं? काही जण म्हणतील, जो जास्त मारामाऱ्या करतो तो वरचा. चूक! मारामाऱ्या तर क्वचित होतात. शास्त्रज्ञ काय बघतात, तर कोण आल्यावर कोण उठतं. 'अ' चालत आला आणि 'ब' बसल्या जागेवरून सरकला, की वहीत एक खूण. अशा शेकडो खुणा जमल्या की त्यांचा तक्ता करायचा. तक्त्यातून उतरंड आपोआप दिसायला लागते. पाटलिणीनं नुसती मान वळवली आणि तुटकी मागं फिरली, ती एक खूण. दात विचकणं, डोळे वटारणं, भुवया उचलणं यांवरच बहुतेक भांडणं मिटतात. रोज उठून कोण चावे घेत बसणार? जखमा झाल्या तर दोघांचंही नुकसान.

पण वहीत खुणा करताना एक गोची होते, ती मलाही झाली. बघणाऱ्याचं लक्ष सारखं मोठ्या नराकडंच जातं. तो आवाज करतो, फांद्या हलवतो, तोच दिसतो. बिचारी तुटकी कुठं आहे, काय खातेय, याच्याकडं लक्षच जात नाही. या अडचणीवर तोडगा सुचवणाऱ्या बाई म्हणजे जीन आल्टमन. आफ्रिकेत केनियातल्या अंबोसेली इथल्या बबून माकडांचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९७४ साली त्यांनी एक लेख लिहिला आणि त्यात प्राणी कसे बघावेत याच्या पद्धती मांडल्या. त्यातली एक अशी : आधीच यादी करायची, यादीप्रमाणे एका वेळी एकच प्राणी धरायचा आणि ठरलेली मिनिटं फक्त त्याच्याकडेच बघायचं. शेजारी कितीही दंगा होवो, नजर हलवायची नाही. मग पुढचा प्राणी. साधीच गोष्ट, नाही का? पण यामुळं गप्प बसणाऱ्यांचीही नोंद होऊ लागली. आज जगभर प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे ही पद्धत वापरतात. मीही दुसऱ्या आठवड्यात तशी वही ठेवली आणि तेव्हा कुठं मला तुटकी 'दिसायला' लागली.

आता प्रश्न असा, की पाटलीण पाटलीण का झाली? ती जाड होती म्हणून? नाही. बहुधा तिची आईही पाटलीण होती म्हणून! हे कोडं जपानी शास्त्रज्ञांनी उलगडलं. काही ठिकाणी ते जपानी माकडांना रताळी, शेंगदाणे असं खाणं टाकत आणि कोण आधी उचलतं ते बघत. १९५८ साली कावामुरा आणि कावाई या दोघांनी लिहिलं, की मुलीचा मान आईच्या मानाच्या लगेच खाली असतो. वरच्या आईची मुलगी लहान असली तरी खालच्या घरातल्या मोठ्या मादीला उठवू शकते. कारण भांडण झालं तर आई धावून येते, हे सगळ्यांना माहीत! आणखी गंमत ऐका. बहिणी-बहिणींत धाकटीचा मान थोरलीच्या वर. शेंडेफळ असलेल्यांनी हे वाचून फार खूश होऊ नये. आणि थोरल्यांनी हा अंक लपवूनही ठेवू नये! आपल्या टोपीवाल्या माकडांतही मुलीचा मान असाच आईच्या मानाला चिकटून राहतो.

म्हणजे तुटकीच्या पोटाशी जे पिल्लू होतं, ती मादी असेल, तर तिची पायरी डोळे उघडण्याआधीच जवळजवळ ठरलेली होती.

माकडं एकमेकांचे केस चाळत बसलेली तुम्ही पाहिली असतील. उवांची अंडी, कातडीचे पापुद्रे, कचरा असं काय काय त्यातून निघतं. पण ही नुसती स्वच्छता नव्हे. हा मैत्रीचा व्यवहार आहे. ज्याचे केस चाळाल तो पुढं कधीतरी भांडणात बाजू घेईल, निदान शेजारी बसून खाऊ देईल. म्हणून जो तो वरच्याचे केस चाळायला टपलेला! बंगळूरचे शास्त्रज्ञ अनिंद्य सिन्हा यांनी टोपीवाल्या माकडांत एक फार सुरेख गोष्ट टिपली आणि १९९८ साली प्रसिद्ध केली. समजा, दोन माद्या एकमेकींचे केस चाळत बसल्यात. तिथं तिसरी आली, दोघींपेक्षाही वरची. तिलाही केस चाळून घ्यायचेत. आता दोघींपैकी उठणार कोण? दोघीही तिच्या खालच्याच. पण बहुतेक वेळा उठते ती दोघींतली जास्त खालची. म्हणजे माकडाला 'माझ्यापेक्षा ती वर' एवढंच कळत नाही. 'ही तिसरी आम्हा दोघींच्या वर आहे आणि दोघींत मी खाली आहे' एवढा हिशेब त्याच्या डोक्यात असतो. माझ्या वर्गातल्या काही मुलांना एवढा हिशेब जमत नसे.

बरं, उतरंड असली म्हणजे खालच्यानं रोज उपाशीच राहायचं का? तसं असतं तर तुटकी कधीच मेली असती. इथं खरी मेख आहे ती अन्न कसं मिळतं यात. नीट लक्ष द्या हं.

फणस एका जागी असतो. भरपूर, गोड आणि एकाच बुंध्यावर. त्याच्यावर कुणी बसलं, तर तो राखता येतो. असं एकगठ्ठा अन्न असलं की उतरंडीला धार येते. पण त्याच परड्याच्या मागं, गडग्यापलीकडं करवंदीच्या जाळ्या होत्या. शंभर ठिकाणी एक-एक, दोन-दोन करवंदं. ती कोण राखणार? पाटलीण एका जाळीत तोंड घालून बसली, तर तुटकी पलीकडच्या जाळीत. कोवळी पानं, शेंगा, दगडाखालचे किडे, पावसाळ्यात उगवणारे कोंब, कोळी, टोळ हे सगळं असंच विखुरलेलं. तिथं जो भराभर शोधेल तो जास्त खाईल. मानाचा फारसा उपयोग नाही. माझ्या वहीत फणसाच्या तासाभरात तुटकीच्या नावावर तेरा वेळा 'सरकली' अशी खूण आहे. करवंदीच्या तासाभरात एकदाही नाही. वही माझी, माकडं वीस, त्यामुळं हे काही मोठं संशोधन नव्हे. पण शास्त्रज्ञांनी कितीतरी जातींच्या माकडांत हेच पाहिलंय.

आता टोपीवाल्या माकडांची आणखी एक हुशारी सांगतो. यांच्या दोन्ही गालांत पिशव्या असतात. त्यात जवळजवळ पोटात मावेल एवढं खाणं कोंबता येतं. धोक्याच्या जागी भराभर भरायचं, पळायचं आणि लांब फांदीवर बसून हाताच्या पालथ्या बाजूनं गाल दाबत सावकाश चघळायचं. खालच्या पायरीवरच्यांना ही पिशवी म्हणजे वरदानच! कुणी उठवायच्या आत निदान गाल तरी भरलेले असतात.

पण थांबा. श्रीलंकेत पोलोन्नरुवा नावाचं जुन्या राजधानीचं ठिकाण आहे. तिथं टोपीवाल्या माकडाचं सख्खं चुलत भावंड शोभेल असं 'टोक मकाक' राहतं. वोल्फगांग डिटस या शास्त्रज्ञानं १९६८ सालापासून त्यांचा अभ्यास केला. त्यांनी काय पाहिलं माहीत आहे? मोठं माकड लहानाला धरतं, त्याचं तोंड उघडतं आणि गालातल्या पिशवीत बोटं घालून त्यानं साठवलेलं खाणं काढून घेतं! लहान बिचारं मुकाट्यानं उभं राहतं. डबा खाताना मागून हात घालणारा एखादा दांडगट तुमच्या शाळेत असेलच. पण तोंडातला घास काढणारा तरी नसेल. डिटस यांची पुढची नोंद मात्र हसण्यासारखी नाही. अन्न कमी पडलं की सगळ्यात आधी मरतात ती लहान पिल्लं, आणि त्यातही जास्त करून लहान माद्या. त्यांना कुणी मारत नाही. त्यांना फक्त चांगल्या फांदीवरून पुन्हा पुन्हा उठवलं जातं. दिवसभर शोधायचं आणि सापडलेलं दुसऱ्याला सोडायचं, यात त्यांची ताकद संपते. डिटस यांच्या मते कळप किती वाढणार हे अशा रीतीनं उतरंडच ठरवते.

खालचे मग डोकं लढवतात. १९७० च्या सुमाराला अमेरिकेत एमिल मेंझेल यांनी चिंपांझींच्या एका टोळीवर प्रयोग केले. ही जंगलातली नव्हेत, एका मोठ्या कुंपणातली. पण गोष्ट इतकी छान आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेंझेल बेल नावाच्या मादीला एकटीलाच दाखवत, खाऊ कुठं पुरलाय ते. मग सगळ्यांना सोडत. बेल आधी सरळ तिथं जायची, पण रॉक नावाचा दांडगा नर लाथा-चावे देऊन सगळा खाऊ लाटायचा. मग बेलनं खाऊ उकरणंच सोडलं. रॉक असला की ती त्या जागेवर नुसती बसून राहायची. रॉक तिला ढकलून तिच्या खालची जमीन उकरू लागला. मग ती आणखी लांब बसू लागली आणि रॉकची पाठ वळण्याची वाट बघू लागली. तर रॉक काय करायचा? 'मला काय त्याचं' असं दाखवत दुसरीकडं चालू लागायचा आणि अचानक गर्रकन वळायचा! लपंडाव आपण शोधून काढला असं कुणी म्हणू नये.

खालच्याकडं दुसऱ्या कुणाकडं नसलेलं काही असलं, तर मात्र चित्र पालटतं. दक्षिण आफ्रिकेतल्या व्हर्व्हेट माकडांत शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. सफरचंदांचा एक डबा ठेवला आणि तो कळपातली एक खालच्या पायरीची मादी जवळ आली तरच उघडायचा, असं ठरवलं. माकडांना वाटलं, डबा हिलाच उघडता येतो! झालं. कालपर्यंत जिला कुणी विचारत नव्हतं तिचे केस चाळायला रांग लागली. मग शास्त्रज्ञांनी आणखी एका मादीला दुसरा डबा 'उघडू' दिला. त्याबरोबर पहिलीचा भाव उतरला. रत्नागिरीच्या बाजारात पहिल्या पेटीला काय भाव मिळतो आणि मेअखेर काय मिळतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. २००९ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

आणि कळपानं आज कुठं चरायला जायचं, हे कोण ठरवतं? नामिबियातल्या त्साओबिस इथं शास्त्रज्ञांनी बबूनच्या वाटेत मुद्दाम एका जागी धान्य टाकलं. मोठा नर रोज तिकडं चालू लागला आणि अख्खा कळप त्याच्या मागं. धान्य बहुतेक त्यानंच खाल्लं. बाकीच्यांना रानातलं विखुरलेलं खाणं जास्त फायद्याचं पडलं असतं, तरी ते गेले. सगळ्यात जवळून कोण चाललं होतं? ज्यांची त्या नराशी मैत्री होती ते. हे झालं २००८ चं. पण केनियात मपाला इथं दुसऱ्या शास्त्रज्ञांनी बबूनच्या एका कळपातल्या २५ जणांच्या गळ्यात उपग्रहावरून जागा सांगणारे पट्टे बांधले. तिथं उलटंच निघालं! रोजच्या वाटचालीत मोठ्या नराला काही खास मान नव्हता. दोन गट दोन दिशांना निघाले आणि त्या दिशा फार वेगळ्या असल्या, तर बाकीचे जिकडं जास्त जण तिकडं जात. दिशा जवळजवळच्या असल्या, तर मधली वाट धरत. हे प्रसिद्ध झालं २०१५ साली. म्हणजे एकच सुपीक जागा असली की एकाची सत्ता, नाहीतर बहुमत. मला तरी यातून एवढंच कळतं की 'माकडं अशीच असतात' असं एका वाक्यात सांगता येत नाही.

काळ्या तोंडाच्या वानरांचा तर न्यारा प्रकार. त्यांच्या पोटाला कप्पे असतात, गाईगुरांसारखे, आणि त्यात पानं आंबवून पचवली जातात. गालात पिशव्या नाहीत. पानं सगळीकडं, त्यामुळं भांडण कमी असावं असं वाटतं. तरीही वानरिणींत उतरंड आहेच. आणि ती आईकडून येत नाही! राजस्थानात अबू आणि जोधपूर इथं झालेल्या अभ्यासात दिसलं, की तरण्या माद्या वरच्या पायरीवर असतात आणि वय वाढेल तसतशा खाली घसरतात. म्हाताऱ्या अगदी कडेला. वानरांच्या अभ्यासात आपल्या जवळचं एक गाव जगप्रसिद्ध आहे, ते म्हणजे धारवाड. १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जपानहून आलेले युकिमारू सुगियामा तिथं रानात वानरांच्या मागं हिंडले. नवा नर कळप काबीज करतो तेव्हा तो आधीच्या नराची पिल्लं मारतो, हे त्यांनी तिथं पाहिलं आणि जगाला सांगितलं तेव्हा पुष्कळांचा त्यावर विश्वासच बसला नाही. सुगियामांनी धारवाडजवळच्या टोपीवाल्या माकडांवरही लिहिलंय. त्यांना या माकडांचे नर भारी वाटले असणार! कारण ऱ्हिसस माकडांचे नर एकमेकांना फारसं सहन करत नाहीत, तर आपल्या टोपीवाल्यांचे नर एकमेकांना बिलगून बसतात, एकमेकांचे केस चाळतात.

आता आपल्याकडं वळू. कारण या सगळ्यात आपणही एक पात्र आहोत.

हापूसची बाग म्हणजे काय? माकडाच्या नजरेनं बघा. एकाच जातीची, एकाच वेळी फळणारी, ओळीनं लावलेली शेकडो झाडं. शेजारी काजू, नारळ, पोफळी, केळी. म्हणजे परड्यातल्या त्या फणसाचं प्रचंड मोठं रूप! रानातली विखुरलेली फळं त्यापुढं काय! रत्नागिरीच्या बागायतदारांचं यात किती नुकसान होतं हे त्यांना विचारा. माकड आंबा पुरा खात नाही. एक चावा घेतं, टाकतं, दुसरा तोडतं. शहाळं पाडतं, कौलं फोडतं. माझ्या आत्यानं भाजीपाला लावणं केव्हाच सोडून दिलं. राखणीला माणूस ठेवा, पत्र्याचे डबे वाजवा, फटाके लावा, चार दिवसांत माकडं सरावतात. गेल्या काही वर्षांत शेतकऱ्यांनी यासाठी आंदोलनं केली, आणि माकडं पकडून लांब सोडण्याचे प्रयत्नही झाले. 'माकडं बिचारी' असं मुंबईत बसून म्हणणं सोपं आहे. ज्याचं वर्षाचं उत्पन्न त्या झाडांवर लटकलेलं असतं त्याला ते पटणार नाही. दुसरीकडं, हीच टोपीवाली माकडं २०२० सालापासून जागतिक निसर्ग संरक्षण संघटनेच्या यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदली गेली आहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

माकडं पकडायची म्हटली तर पिंजऱ्यात आधी कोण सापडेल, सांगा पाहू? पिंजऱ्यात ठेवलेलं खाणं म्हणजे पुन्हा एकगठ्ठा अन्न. त्यातल्या काहींनाच नेलं, तर मागं राहिलेल्यांची उतरंड विस्कटते. आणि नेलेली माकडं जिथं सोडतात, तिथं दुसऱ्या कळपाचा मुलूख असतोच. म्हणून हे काम कळप ओळखून, विचारानं करावं लागतं.

आणि घाटात गाडी थांबवून आपण माकडांना केळी, वेफर्स टाकतो, त्याचं काय होतं? कर्नाटकातलं बंदीपूर आणि शेजारचं तामिळनाडूतलं मुदुमलाई इथं सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ वर्षं टोपीवाल्या माकडांचे कळप पाहिले. २००५ साली त्यांनी लिहिलं, की तिथं कितीतरी कळपांत आता एकच मोठा नर असतो. मघाशी सांगितलं ना, या माकडांत बरेच नर गुण्यागोविंदानं राहतात म्हणून? ती रीतच तिथं बदललेली! रस्त्याकडेला प्रवाशांचं खाणं एकाच जागी पडतं, कळप लहान होतात आणि थोड्या माद्या, थोडी जागा एकट्या नराला राखता येते, असं त्यांना वाटतं. बंदीपूरची माकडं तर माणसाकडं बघून हलकेच 'कू' करतात आणि हात पुढं करतात. हे २०१८ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. माणसाकडून मागायची एक खूणच त्यांनी बनवली म्हणा. कौतुक वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण आपण टाकलेलं केळं कुणाच्या गालात जातं, हे आता तुम्हाला सांगायला नको.

तुम्हाला वही ठेवायची असेल तर ठेवा. लांबूनच, पडवीतून किंवा खिडकीतून. खायला काही टाकायचं नाही. डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही आणि दात दाखवून हसायचं नाही. त्यांच्या भाषेत ती धमकी असू शकते. मेलेलं माकड दिसलं तर मुळीच हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचं. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, तो गोचिडीमुळं होतो. कान फाटलेला, शेपूट तुटलेली, नाकावर डाग, अशा खुणांवरून नावं द्या आणि कोण आलं की कोण उठतं, एवढंच लिहा.

माझ्या वहीतलं शेवटचं पान २८ मेचं आहे. आदल्या रात्री वळवाचा पाऊस पडून गेला होता. उरलेला एक फणस माकडांनी फोडला होता आणि पाटलीण, तिची मुलगी आणि तो थोराड नर वर बसून गरे खात होते. तुटकी झाडाखाली होती. वरून पडलेल्या आठळ्या एकेक करून उचलायची, ओल्या मातीवर घासायची आणि गालात टाकायची. गाल एवढाले फुगले होते! पिल्लू तिच्या पोटाखालून उतरलं, त्यानंही एक आठळी उचलली, हुंगली. वरून पाटलिणीची मुलगी सरसर खाली आली. तुटकीनं पिल्लाला एका हातानं पोटाशी ओढलं आणि गडग्यावरून पलीकडं करवंदीत उडी मारली.

आत्या मागं येऊन उभी होती, ते मला कळलंच नव्हतं. ती म्हणाली, "आज तरी हाकल रे त्यांना." आणि मग जरा थांबून, "तुझी ती तुटकी कुठली?"